रोपं भाड्यानं मिळत नाय!

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

तुमाला माहीतच हाय, मी लोधिवलीजवळ जुन्या हायवेला टेंपो लावून रोपं विकते. सकाळी एका बंगल्यांच्या साईटवरून फोन आला, "वृक्षारोपण आहे, बारा जांभळं घेऊन या." मी खुशीत गेले.

बघते तर खड्डे जेमतेम वीतभर. तिथला मॅनेजर म्हणाला, "ताई, काळ्या पिशव्या काढू नका. तशीच खड्ड्यात ठेवा. पाहुण्यांचे फोटो झाले की रोपं परत न्या. भाडं देतो."

भाडं? झाडाचं?

मी म्हटलं, "साहेब, मी रोपं विकते. मांडववाली नाय मी."

तो हसला. "अहो, तुमचा तोटा काय त्यात?"

मी ब्लेड काढलं आणि पहिली पिशवी फाडली. मग दुसरी, मग तिसरी. साईटवरचा म्हातारा माळी कुदळ घेऊन आला आणि खड्डे खोल करायला लागला.

मॅनेजर ओरडला, "एक रुपया मिळणार नाही!"

"नको देऊस," मी म्हटलं. "पण पिशवी फाडलेलं रोप परत टेंपोत चढत नाय. आता लावावंच लागंल."

पाहुणे यायच्या आत बाराच्या बारा जांभळं मातीत होती. फोटो झकास आले म्हणे.

तुमच्याही गावात, शाळेत, सोसायटीत असे फोटो निघाले असतील ना? उद्या त्या जागेवर जाऊन या. तिथं आज काय उभं हाय, ते खाली लिहा.