विमानाचं राकेल

माझी पीएचडी विमानाच्या राकेलवर आहे. म्हणजे जेट इंधनावर, पण अहेरीच्या आमच्या घरात त्याला तेच नाव पडलं. कोणी विचारलं की आई सांगायची, "मोठी राकेल शिकून राह्यली." धाकटी बहीण तर पाठच सोडायची नाही. "बाई, राकेल जळते हे आमाले शाळेत न जाता मालूम हाय. तुले एवढे वर्षं काऊन लागले?"

मी चिडायचे. चिडणं माझ्या पाचवीला पुजलेलं आहे, चंद्रपूरच्या ज्या कॉलेजात मी शिकवते तिथली पोरंही तेच म्हणतात. मग मी तिला समोर बसवून समजावायचे. अगं, ते जळणं नव्हे, जळण्याच्या आधीचं. इंधन इंजिनात पेटायच्या आधी तापलेल्या बारीक नळ्यांतून जातं. तिथे हवा पुरेशी नसते, म्हणून ते जळू शकत नाही, नुसतं तापत जातं. फार तापलं की कार्बनच्या लांब साखळ्या तुटतात. काही तुकडे वायू होऊन निघून जातात, बाकीचे हायड्रोजन गमावत एकमेकांना चिकटतात आणि नळीच्या आत काळा थर धरतात.

"म्हंजे भाजी करपते तसं," ती म्हणाली.

"हो, तसंच समज."

"मंग भाजी करपवाची डिग्री भेटली म्हण नं!"

तिचं हसणं असं होतं की रागावलेल्या माणसालाही हसू यावं. तिला दिलं भामरागडच्या पलीकडे. पुलावरून पाणी गेलं की ते गाव जगापासून तुटतं. माणूस चांगला होता, शांत. लग्नाला पाच-सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग एकदाचे दिवस गेले आणि तिने फोनवर मलाच दम दिला, "आता मावशी होशील, जरा गोड बोलाले शिक."

गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा तिला नववा सुरू होता. भामरागडच्या दवाखान्यात आधीच नेऊन ठेवायचं ठरलं होतं, पण नदीने ऐकलं नाही. दुपारी रक्त जायला लागलं. गावातल्या आशाताईने कुठून तरी फोन लावला आणि हेलिकॉप्टर पाठवतो असं कळलं. तिच्या नवऱ्याचा, आमच्या जावयाचा, मला फोन आला. रडत होता आणि आनंदातही होता. "बाई, हेलिकॉप्टर येऊन राह्यलं! तुमच्या राकेलचं!" मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून वेड्यासारखी हसले. पुढे रेंज गेली.

आमच्याकडे जंगलात कोणी चुकलं की गावातून धूर करतात. ओला पाला टाकून मोठा धूर करायचा, म्हणजे चुकलेला माणूस तो पाहून घराकडे येतो. पिढ्यान् पिढ्यांची रीत. हेलिकॉप्टर म्हणजे काय, वरून चुकू शकणारा पाहुणाच की! गावाने शाळेमागच्या मोकळ्या जागेत जाळ केला. पाला ओला, लाकूड ओलं, जाळ धरेना. मग जावयाने ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतलं आणि जुने टायर आणून टाकले. धूर झाला, काळाकुट्ट आणि भरपूर. सगळ्यांना बरं वाटलं.

ढग खाली होते. चहूबाजूंनी झाडं आणि वाऱ्याचा पत्ता नाही. धूर वर चढलाच नाही, त्या जागेवर बसून राहिला. हेलिकॉप्टर आलं, घिरट्या घातल्या, आवाज दूर गेला. तिन्हीसांजेला ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

जमीन दिसत नव्हती, नुसता काळा धूर होता, असा निरोप पायलटने दिला होता. हे मला भामरागडच्या नर्सबाईने सांगितलं. गावात कोणाला सांगू नका, असं मीच तिला म्हटलं. डोंबल माझ्या शिक्षणाचं! तो धूर काळा का झाला, हे त्या तालुक्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? टायर काय, ऑइल काय, सगळ्या त्याच लांब साखळ्या. जाळाच्या पोटात हवा पोचत नाही, साखळ्या तुटतात आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. आयुष्यभर नळीत जे मोजलं, ते माझ्या बहिणीच्या अंगणावर पसरलं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले तेव्हा जावई एकच गोष्ट विचारत होता. "बाई, धूर कमी पडला का?" मी म्हटलं, "ढग होते, भाऊ."

यंदा पुन्हा गेले. त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला आठवा लागलाय. शाळेमागे ताडपत्रीखाली टायरांची चळत होती आणि शेजारी जळक्या ऑइलचे डबे. जावई मला दाखवायला घेऊन गेला. "या टायमाले वाळलेलं लाकूडबी ठेवलं. धूर कमी नाई पडत आता."

काय करणार होते मी? गप्प राहिले तर ही दुसरी जाणार, आणि बोलले तर हा माणूस संपणार. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच्यावर नाही, कोणावर ते मला आजही सांगता येत नाही. शेवटी बोलले. वर्गात बोलते तसं, साखळ्या, हवा, काजळी, सगळं. मधेच कुठेतरी त्याला कळलं. त्याचा हात टायरावर होता, तो त्याने काढून घेतला.

मग खाली बघत त्याने विचारलं, "मंग काय कराचं होतं?"

"काही पेटवायचं नव्हतं, भाऊ. मोकळ्या जागेत एक पांढरी चादर पसरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. वरून दिसते."

"पांढरी चादर," तो म्हणाला. "होती नं घरात. तिले थंडी वाजून राह्यली होती, म्हणून तिलेच पांघरली होती."