डावा पाय आधी
ट्रंकेतल्या जुन्या पातळाच्या घडीतून आज ट्रामचं तिकीट खाली पडलं आणि मांडवी बंदरावरच्या आमच्या घराचं ते अंगण डोळ्यांपुढे आलं. सन पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझे यजमान जहाजावर काम करताना पडले, पाय मोडला आणि ते कलकत्त्याच्या इस्पितळात होते. पाय वाचेल की नाही, हे तारेत लिहिलं नव्हतं. मला एकटीनं जायचं होतं, आणि तिथल्या मुक्कामापासून इस्पितळापर्यंत ट्रामनं. मी जन्मात ट्राम पाहिली नव्हती. शेजारचे चाचा, जुने खलाशी, मासळी सुकत घातलेल्या अंगणात आले, काठीनं मातीत दोन रूळ ओढले आणि मला पडवीच्या पायरीवर उभं केलं. "ही ट्राम. आता उतर." मी सवयीनं उलटी फिरले आणि पाय मागे टाकला, होडीतून उतरतात तशी. "पडलीस," चाचा शांतपणे म्हणाले. "बाय, ती पुरती थांबत नाही. ती जाते तिकडं तोंड, डावा पाय आधी. आणि भर रस्त्यात उतरायचं असतं, मागची मोटार बघ." पोटऱ्या भरून येईपर्यंत त्यांनी मला उतरवलं. आठवड्यानं कलकत्त्यात घंटी वाजली, ट्राम हळू झाली, मी मागे बघितलं, डावा पाय टाकला आणि चक्क उभी राहिले. समोर इस्पितळाच्या फाटकाशी हे कुबड्या घेऊन उभे होते, दोन्ही पायांवर. रस्ता ओलांडून मी फुटपाथवरच बसले. आजही एसटीतून उतरताना माझा डावा पायच आधी पडतो, आणि मागून ह्यांची काठी टेकल्याचा आवाज आल्याशिवाय मी पुढं जात नाही.