नव्वी-सत्तीवर जिंकलेला हुरडा

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातली मोठी धाकट्याला सांगत होती की आजीकडे तीन एक्के आले आणि आजीने सगळ्यांना गारद केलं. मी मधे बोलले नाही. पण या गोष्टीतले एक्के दर वर्षी वाढत चालले आहेत. पहिल्या वर्षी एकच होता. अजून थोडे दिवस गेले तर खरं काय झालं ते मलाही आठवणार नाही, म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवते. एक्का एका डावात आला होता हे खरं, पण शेवटच्या डावात माझ्या हातात नव्वी आणि सत्ती होती.

ज्या दिवाळीची ही गोष्ट, तिच्या आदल्या दिवाळीला तुम्ही वडवणीला आला होतात आणि आम्हाला पोकर शिकवून गेलात. हातात दोन-दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच, आणि सगळे मिळून ज्याचं वरचढ त्याचा डाव. पैसे लावायचे नाहीत, असं तुमच्या आजोबांनी बजावलं, म्हणून सीताफळाच्या बिया धुऊन, वाळवून घेतल्या. एक बी म्हणजे एक, एक चिंचोका म्हणजे दहा. पैसे नाहीत तर जिंकणाऱ्याला काय, असं तुम्हीच विचारलंत आणि तुम्हीच ठरवलंत, की यंदाचा हुरडा कोणत्या रानात खायचा ते जिंकणारा सांगेल. हरणाऱ्यांचं मी ठरवलं. पहिला बाद होईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा, दुसऱ्याने भजी तळायची, तिसऱ्याने भांडी घासायची. चौथ्यापासून माफ.

त्या वर्षी धाकटे भाऊजी, म्हणजे आजोबांचे भाऊ जिंकले आणि हुरडा त्यांच्या रस्त्याकडेच्या रानात झाला. तिथे पत्र्याची शेड आहे, खुर्च्या आहेत, गाडी थेट आत जाते. वाईट काहीच नव्हतं. पण ज्वारी साधी होती. हुरड्याची खरी ज्वारी, गूळभेंडी, आमच्या माळावरच्या तुकड्यात असते आणि तिथे ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही.

पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. आजोबांची थोरली बहीण, अक्का, धर्मापुरीहून आल्या होत्या. पाडव्याच्या सकाळी मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा आजोबा सहज म्हणाले की माळावर यंदाही कोणी गेलं नाही तर पुढच्या साली गूळभेंडी बंद, तूर टाकू. सगळी कणसं पाखरंच खातात. लहानपणी अक्का त्याच रानात माच्यावर उभ्या राहून गोफणीने पाखरं हाकत. आजोबा उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्या कोणाला म्हणणार न्हाई. पण एकदा माळावरच्या आगटीत भाजल्याला हुरडा खायचा हाय मला."

मी म्हटलं, दुपारी खेळू की आपण.

जेवणं झाल्यावर सतरंजी टाकली. अक्का, भाऊजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा, त्यांचा नवा जावई आणि मी. जावयाचा पहिलाच दिवाळसण. आजोबा खेळत नाहीत. ब्लाइंड वाढवायचं काम त्यांच्याकडे होतं. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी मधे टाकायच्या बिया, एकाने पूर्ण आणि एकाने अर्ध्या. पाळी सगळ्यांवर फिरते. ठरलेला वेळ झाला की आजोबा पानाच्या डब्यावर अडकित्ता आपटायचे आणि ब्लाइंड दुप्पट व्हायची. हे काम त्यांना फार आवडलं. आयुष्यात इतक्या आनंदाने त्यांनी काही वाढवल्याचं मला आठवत नाही.

अक्का पहिल्या बाद झाल्या. त्यांना पत्ते झाकून ठेवणं जमतच नव्हतं. चांगलं पान आलं की त्या ते शेजारच्याला दाखवत. चहा ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मग जाऊबाई गेल्या आणि भज्यांचा वास सुटला. आता सतरंजीवर तिघे पुरुष आणि मी.

माझ्याकडे सगळ्यांत कमी बिया होत्या. मी खेळले होते माझ्या मास्तरणीच्या स्वभावाप्रमाणे, चिंचोके ओळीत, बिया दहा-दहाच्या ढिगात, आणि चांगलं पान आल्याशिवाय हात लावायचा नाही. बँकेच्या रांगेत उभं राहावं तशी मी चांगल्या पानांची वाट बघत होते आणि ब्लाइंड दर फेरीला माझा एकेक ढीग उचलून नेत होती. मोजलं तर मोठ्या ब्लाइंडच्या सहापट उरलं होतं. नुसती बसले तर चार फेऱ्या, आणि मधे अडकित्ता वाजला की त्याच्या निम्म्या.

तेव्हा तुम्ही शिकवलेलं आठवलं. आजी, थोड्या बिया राहिल्या की दुसऱ्याने लावलं तेवढं लावून त्याच्या मागे जायचं नाही. एक तर पत्ते टाकून डाव सोडायचा, नाहीतर सगळं पुढे ढकलायचं. ढकलणाऱ्याला जिंकायला दोन वाटा असतात, समोरच्यांनी पत्ते टाकले तर आणि आपली पानं वरचढ ठरली तर. मागून येणाऱ्याला एकच.

हे मला पाठ होतं, पण हिंमत होत नव्हती. बाद झाले तर? म्हणून मी तिघांकडे पाहिलं, आणि तिघेही स्वयंपाकघराकडे बघत होते. आत अक्का मोठ्या आवाजात जाऊबाईंना सांगत होत्या की सकाळच्या पुऱ्यांची कढई, अनारशांचं पातेलं, झारे, परात, सगळं तसंच ठेव, एकदमच घासू दे.

पुढे बाद होणाऱ्याला भांडी होती. भाऊजींनी जन्मात स्वतःचं ताट उचललेलं नाही. पुतण्या बापाचाच मुलगा. आणि जावई तर पाटावर बसून ओवाळून घ्यायला आलेला. तिघांनाही एकच धास्ती होती, तिसरं बाद व्हायचं नाही. मला भांड्यांची काय भीती? ती कढई मी तुमच्या वडिलांच्या जन्माआधीपासून घासते आहे.

राजा आणि चव्वी आली. मी सगळ्या बिया पुढे सरकवल्या. तिघांनी पत्ते टाकले. पुढच्या फेरीत गुलाम-दश्शी, पुन्हा सगळं पुढे. पुन्हा तिघांनी टाकले. ब्लाइंड माझ्याकडे यायला लागली.

"वहिनी, काय चाललंय हे? दर वेळी चांगले पत्ते येतेत तुमाला?" भाऊजी म्हणाले.

"बघायचे असतील तर या," मी म्हटलं.

आले नाहीत. अडकित्ता वाजला. जावई इतका जपून खेळत होता की पत्ते टाकता टाकताच त्याच्या बिया संपत आल्या. शेवटच्या मूठभर बिया ब्लाइंडमध्येच गेल्या आणि पत्ते उलटले तर त्याच्याकडे दुर्री आणि सत्ती. पुतण्याने त्याला बाद केलं.

जाऊबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या. पहिल्या दिवाळसणाला जावयाने भांडी घासायची, गाव काय म्हणेल, मीच घासते, वगैरे. अक्का खुर्चीतून हलल्या नाहीत. "कावून? खेळाया बसला तवा जावई नव्हता का?" मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "बाबा, घड्याळ काढून ठेव. राख न्हाई, आता लिक्विड हाय."

तो हसला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि गेला. चांगलं घासलं, हेही लिहून ठेवते.

भांड्यांची भीती गेल्याबरोबर पुतण्याने प्रत्येक डावात बेधडक उड्या मारायला सुरुवात केली आणि दोन-तीन डावांत बापाकडूनच बाद झाला. राहिले भाऊजी आणि मी. एकूण बियांतल्या चौथाई माझ्याकडे, बाकी त्यांच्याकडे. आता त्यांनाही कशाची धास्ती नव्हती. आता ते मागे येणार होते.

एक्का-अठ्ठी आली, मी ढकललं. ते राजा-राणी घेऊन आले. मधल्या पाच पत्त्यांत दोघांना काहीच लागलं नाही आणि माझा एक्का पुरला. बिया सारख्या झाल्या, त्यांच्या माझ्यापेक्षा जराशा कमीच. आजोबांनी पुन्हा अडकित्ता उचलला, तर अक्का दारातून म्हणाल्या, "तुजं बडवणं थांबव की जरा." नियम म्हणजे नियम. त्यांनी आपटला.

मग नव्वी-सत्ती. वाट बघायला वेळ नव्हता. मी सगळं पुढे ढकललं.

भाऊजींनी बराच विचार केला. "तुमी मास्तरीण. तुमी असं उगं ढकलणार न्हाईत. पण माझ्याकडं एक्का हाय." आणि त्यांनी सगळ्या बिया पुढे केल्या. एक्का आणि पंजी. मी माझे पत्ते उलटले.

"नव्वी-सत्तीवर? तुमी?"

"हो."

चार पत्ते उघडले, कोणालाच काही नाही. एक्का त्यांचाच वरचढ. जावई ओले हात घेऊन दारात येऊन उभा राहिला. पाचवा पत्ता आला बदामाची नव्वी.

हे नशीब होतं, मुलांनो. तुम्ही फोनवर काहीही सांगा, पण हे नशीब होतं. मात्र सहापट बियांवरून त्या डावापर्यंत मी नशिबाने आले नव्हते.

भाऊजींनी पत्ते टाकले आणि विचारलं, "मग, कुठं खायचा हुरडा?"

"माळावर," मी म्हटलं. अक्कांनी पदराने चष्मा पुसला आणि चहा निवला म्हणून सगळ्यांवर ओरडल्या.

पौषात आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून अक्कांना माळावर नेलं. भाऊजी वाटभर खड्डे मोजत होते. आगटीपाशी बसल्यावर मात्र तेच सगळ्यांत जास्त खाऊन गेले, दह्याबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आणि नुसताही. कणसं चोळायला अक्कांनी कोणाला हात लावू दिला नाही. परत निघताना आजोबांनी चार मोठी कणसं निवडली आणि बियाण्यासाठी राखायची म्हणून त्यांच्या धाटांना सुतळी बांधली.

पत्रा आणि खुर्च्या रस्त्याकडे आहेत तशाच आहेत, आणि एखाद्या वर्षी भाऊजी जिंकतात तेव्हा आम्ही तिथेही जातो. अक्कांना आता प्रवास झेपत नाही, त्यांच्या वाटणीचा हुरडा धर्मापुरीला पोचवतो. माळावर तूर पेरलेली नाही. यंदाही तिथे गूळभेंडीच आहे.