येऊ दे, येऊ दे

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक ख्रिस्ती अंकल राहतात. दर शनिवारी चर्चमध्ये पापं कबूल करायला जातात आणि येताना शीळ घालत येतात. "देवाची मर्जी" असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "देवाने अक्कल दिलीय. मर्जी तुझी!"

गेल्या रविवारी ते गाडी मागे घेत होते आणि मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतो. ओरडता ओरडता मोबाइलवर मॅच बघणं मला छान जमतं. सेक्रेटरींची नवी स्कूटर आडवी झाली, तेव्हाही मी "येऊ दे"च म्हणत होतो.

सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरून धावत आले. अंकल म्हणाले, "मी ठोकली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, आरशात बघायला हवं होतं." माझं नावही काढलं नाही. सेक्रेटरी पुटपुटत वर गेले.

"अंकल, माझ्यावर ढकलायचं ना!" मी उदारपणे म्हणालो.

"आदामाने हव्वेवर ढकललं, हव्वेने सापावर. शिक्षा तिघांना झाली."

"म्हणजे मी साप?"

"सापाचं निदान लक्ष होतं रे. तू मॅच बघत होतास."

मी हसत सटकू लागलो.

"माझं मी सांगितलं," ते म्हणाले. "तुझं राहिलं."

"बरोबर येता?"

"नाही. आपल्या पायांनी जा. नाही गेलास तरी मी कोणाला सांगणार नाही."

एवढी मोकळीक दिल्यावर माणूस पळणार कुठे? मी जिना चढायला लागलो.