माझ्या साडूचा समुद्र

शिंदखेड्यात राहून समुद्राच्या तळाशी संसार करणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. आम्ही दोघेही चित्रकलेचे शिक्षक. मी जळगावात, तो तिकडे. समुद्र त्याने अजून पाहिलेला नाही. मासा तर तो खातही नाही. तरी आठवडी बाजारात मासेवाल्या अक्कांसमोर उकिडवा बसून तो माशांचे जबडे उघडून बघतो. घ्यायचा नसेल तर निदान हात धुऊन येत जा, असं त्या हल्ली त्याला लांबूनच सांगतात. एकदा जळगावात मेहरूणला आमच्याकडे भरताचा बेत होता. भाजायला काढलेलं वांगं उचलून त्याने देठ पुढे वाकवला आणि खोल पाण्यात असाच एक मासा कपाळावर स्वतःचा दिवा घेऊन फिरतो, हे सांगायला सुरुवात केली. पाहुणे गुंग झाले. मी त्याच दिवशी बैठकीत माझं नवं निसर्गचित्र टांगलं होतं. त्याच्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही.

हेही मी गिळलं असतं. पण माझी सातवीतली मुलगी, जिने घरी कधी ब्रश हातात धरला नव्हता, ती सुट्टीत मावशीकडे गेली आणि कोपरापर्यंत रंगांनी काळी-निळी होऊन आली. काकांनी शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलंय, आपण जायचंच, म्हणाली. मी गेलो, खरं सांगायचं तर चुका काढायला गेलो.

खिडक्यांना पोती लावून त्याने वर्गात अंधार केला होता. एका फटीतून येणाऱ्या उजेडात काळ्या कागदांवर मुलांनी काढलेले जेलीफिश, काचेसारखे मासे, नुसते डोळेच असलेले जीव दिसत होते. एका माशाचे तिन्ही पर एकाच बाजूला होते. मला बरं वाटलं. मग एका चित्रापाशी थांबलो. सगळा कागद काळा, कोपऱ्यात पिवळा ठिपका आणि त्याच्या उजेडात जेमतेम दिसणारे दात. खाली माझ्या मुलीचं नाव.

"घरी का नाही काढलंस कधी असं?" मी विचारलं.

"पप्पा, तुम्ही आधी काढून दाखवता. मग मला तसंच काढावं लागतं. काका नुसतं विचारतात, तिथे काय असेल."

बाहेर ओट्यावर साडू लहान मुलांना घेऊन बसला होता. "बठ्ठा डोया मिटा," तो अहिराणीत सगळ्यांना म्हणाला. "आते सांगा, काय दिखस?" मुलं एकेक करून सांगू लागली. मला पाहून त्याने सतरंजीवर सरकून जागा केली, आणि एक काळा कागद आणि खडू माझ्याही पुढे ठेवला.

मी डोळे मिटून पाहिले. मला काहीच दिसलं नाही. शेजारी येऊन बसलेल्या माझ्या मुलीचं चित्र होत आलं होतं. तिने माझ्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं, आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून असेल, आपला कागद हळूच हाताने झाकला.