चार्जमनचं टाचण

कॉलेजात नव्याने येणाऱ्या अर्धवेळ अध्यापकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं, ते मी फार छान शिकवत होते म्हणून नव्हे. मी कडक होते म्हणून. पासष्ट साल होतं. आमचे दोन तरुण प्राध्यापक फौजेत कमिशन घेऊन निघून गेले होते, आणि कारखान्यात, रेल्वेत नोकरी करणाऱ्यांसाठी चालणारे विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग मात्र खच्चून भरत होते. जबलपुरात तेव्हा ज्याला त्याला पदवी हवी होती, कारण पदवीशिवाय बढती नव्हती. मग शिकवायला माणसं आणायची कुठून? जो एम. एस्सी. झालाय आणि संध्याकाळचे दोन तास देऊ शकतो, तो आमचा. रेल्वेच्या कचेरीतले एक गृहस्थ आले, एक निवृत्त हेडमास्तर आले, आणि फौजेचं सामान बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यातले चार्जमन, म्हणजे मुकादमाच्या वरचे पर्यवेक्षक, आले.

माझी पद्धत ठरलेली होती. पहिले आठ दिवस रिकाम्या वर्गात मी मागच्या बाकावर बसायची आणि नव्या माणसाने मला एकटीला शिकवायचं. मी जांभया द्यायची, खिडकीबाहेर बघायची, मूर्खासारखे प्रश्न विचारायची. शिवाय प्रत्येक तासाचं टाचण दोन दिवस आधी माझ्या टेबलावर हवं: काय सांगणार, फळ्यावर कोणती आकृती काढणार, उदाहरण कोणतं देणार. टाचण नाही तर तास नाही. हेडमास्तर मला पाठीमागे 'इन्स्पेक्टरीणबाई' म्हणत. मला ते कळलं तेव्हा बरंच वाटलं होतं.

चार्जमन चाळिशीचे, हडकुळे, घरात मराठी बोलणारे. आजोबा नागपूरकडून आलेले. कारखान्यात ते तपासणीच्या खोलीत होते. तयार झालेले सुटे भाग दिवसभर मोजायचे, बसणारा ठेवायचा, न बसणारा बाजूला टाकायचा. त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नसे, त्यामुळे त्यांचा आवाज खालच्या पट्टीतच राहिलेला. मोजमाप आणि त्यातल्या चुका हा धडा मी त्यांना दिला होता. चार दिवस ते फळ्याकडे तोंड करून पुटपुटले. पाचव्या दिवशी माझा ताबा सुटला.

"फळा परीक्षेला बसणार नाहीये," मी म्हटलं. "माझ्याकडे बघून बोला. आणि पुस्तकातल्या त्या तारेची जाडी पुरे झाली. तुम्ही स्वतः दिवसभर काय मोजता?"

"बाई, ते नाही सांगता येत."

"काहून नाही येत?" मी त्यांच्याच बोलीत त्यांना चिडवलं.

ते हसले नाहीत. "सही करून दिली आहे आम्ही. आतलं बाहेर नाही बोलायचं."

"वस्तूचं नाव सांगू नका. नुसती मापं सांगा. एक कडी घ्या. किती जाड हवी, किती कमीजास्त चालते, एका केसाने चुकली तर काय होतं. तुमच्या हातातलं द्या त्यांना."

त्यांनी खडू उचलला. फळ्यावर एक कडी काढली, आत-बाहेरची मापं लिहिली आणि बोलू लागले. तो माणूस बदलला. खांदे सरळ झाले, आवाज मागच्या बाकापर्यंत आला. मी जांभई द्यायची विसरले.

वर्गातही तेच झालं. समोर बसलेले निम्मे लोक कारखान्यांतलेच, आठ तास यंत्रावर उभं राहून आलेले. पेंगायला लागलेले ते लोक कडीची आकृती फळ्यावर आली की ताठ बसत. महिन्याभरात इतर वर्गांतली मुलं त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. प्राचार्यांनी माझं कौतुक केलं. मी ते निमूट घेतलं, चार्जमनपर्यंत पोचवलं नाही.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्यातली पाळी बारा तासांची झाली. वर्ग चालूच होते. कारखान्याच्या फाटकावर झडती कडक झाली. आतून कागदाचा चिटोराही बाहेर न्यायचा नाही, हा नियम आधीपासून होता. आता डबे उघडून पाहू लागले. हे साऱ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

चार्जमन एका संध्याकाळी तासाआधी माझ्याकडे आले. डोळे खोल गेले होते.

"बाई, बारा तासांत जीव निघून राहिला. घरी पोचतो तर लेकरांचा गोंगाट, एकच खोली. टाचण तोंडी सांगितलं तर चालेल का? लढाई संपेपर्यंत."

"नाही," मी म्हटलं. "आज तुम्हाला सूट दिली तर उद्या हेडमास्तर मागतील."

"अच्छा," ते म्हणाले. "मग दुपारच्या सुट्टीत तिथेच लिहीत जाईन. डब्यात ठेवून आणता येईल."

डब्यात. हा शब्द मी नीट ऐकला. तेव्हाच म्हणायला हवं होतं की असलं काही करू नका, खड्ड्यात गेलं टाचण. मी म्हटलं, "बुधवारी मिळालं पाहिजे."

ते दोन बुधवारी मिळालं. कागदाला पोळ्यांचं तेल लागलेलं होतं. त्यावरूनही मी त्यांना बोलले.

तिसऱ्या बुधवारी ते आलेच नाहीत. मी रागाने गैरहजेरीचा खुलासा मागणारी चिठ्ठी लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वर्गातल्या एका कामगाराने दारात उभं राहून सांगितलं, "मॅडम, सर को गेट पर पकड़ लिया. डब्बे में काग़ज़ निकला." पोळीच्या फडक्याखाली घडी करून ठेवलेला कागद, त्यावर कडीची आकृती, मापं, किती कमीजास्त चालेल ते आकडे. वर लढाईचे दिवस. ज्याच्या हाती तो कागद पडला, त्याला त्यात दुसरं काय दिसणार होतं?

चार्जमननी खरं तेच सांगितलं: कॉलेजात टाचण द्यावं लागतं, बाई मागतात. आठवड्याभरात कारखान्याकडून प्राचार्यांना गोपनीय पत्र आलं. तुमचं कॉलेज अर्धवेळ अध्यापकांकडून असं लेखी काम मागतं का? मागत असल्यास कोण मागतं?

प्राचार्यांनी मला बोलावलं तेव्हा उत्तर टाइप होऊन तयार होतं. महाविद्यालय अर्धवेळ अध्यापकांकडून असं कोणतंही लेखी काम मागत नाही. खाली त्यांची सही, शेजारी माझ्या सहीसाठी जागा.

"मॅडम, आप समझदार हैं," ते म्हणाले. "हाँ लिखेंगे तो कल पुलिस यहाँ आएगी. शाम की क्लासें बंद. और पूछताछ सबसे पहले आपसे होगी."

माझ्या खणात चार्जमनची चौदा टाचणं होती. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर लाल शाईत माझी सही. ती नेऊन त्या पत्रासोबत जोडली असती तर तो माणूस हेर नव्हे, एका कजाग बाईच्या धाकाखालचा मास्तर आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी एकटी, घरी म्हातारी आई, पोलीस दारात आल्यावर नेपियर टाउनातले शेजारी काय म्हणतील हे सगळं मनात येऊन गेलं. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी फक्त घाबरले. सही केली. संध्याकाळी चौदाही टाचणं पर्समधून घरी नेली आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. आईने विचारलं, आज काय जाळतेस. म्हटलं, रद्दी.

सायंवर्ग चालू राहिले. चार्जमनच्या जागी दुसरे आले, त्यांनाही मी आठ दिवस मागच्या बाकावर बसून तयार केलं. टाचण मात्र पुन्हा कोणाकडे मागितलं नाही. हेडमास्तरांना वाटलं मी मवाळ झाले.

दिवाळीनंतर एका सकाळी चार्जमन माझ्या घरी आले. दार मीच उघडलं. ते आणखी वाळले होते. दाढी मात्र स्वच्छ केलेली होती. खाली रिक्षात त्यांची बायको आणि दोन लेकरं ट्रंकेवर बसलेली दिसत होती.

"आत नाही येत बाई, नागपूरची मोटार चुकेल. सासऱ्यांकडे चाललो. क्वार्टर काल खाली केलं."

मी विचारलं, "नोकरी?"

"गेली. पण खटला नाही झाला. पंधरा दिवस आत ठेवलं, मग सोडून दिलं. दगडापेक्षा वीट मऊ." त्यांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खाली गेला होता. मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "तुम्हाला भेटल्याशिवाय काही जाववेना. तिथल्या एका साहेबाने सांगितलं, कॉलेजचं उत्तर आलं आहे, त्यावर तुमची पण सही आहे. दाखवलं नाही मला. पण मी समजलो. तुम्ही खरं काय ते लिहिलं म्हणूनच जेल टळली. नाही तर ह्या दिवसांत कोण कोणासाठी आपलं नाव कागदावर घालतं? बायको रोज देवापुढे तुमचं नाव घेते, बाई."

त्यांनी खाली पाहून बायकोला खूण केली. तिने रिक्षात बसल्या बसल्याच पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे बघून हात जोडले. धाकट्या पोराचेही हात धरून जोडायला लावले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने त्यांची नोकरी परत येणार नव्हती, पण कोणामुळे गेली एवढं तरी त्यांना कळलं असतं. ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं. माझं कर्तव्यच होतं ते."