सीनाकाठची तांबडी वाईन

सोलापुरात चादर विकणाऱ्यापेक्षा वाईन विकणाऱ्याकडे किस्से जास्त जमतात. चादर कशी वापरायची हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. वाईनचं गिऱ्हाइकालाही माहीत नसतं आणि माझ्या बाबतीत म्हणाल तर विकणाऱ्यालाही नव्हतं.

मी आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात सेल्स बघायचो. माझा वर्गमित्र दत्ता, त्याची सीना नदीच्या खोऱ्यात द्राक्षबाग. त्याने परवाना काढून छोटी वायनरी टाकली आणि मला बोलावून घेतलं. आमची रेड वाईन ‘नॅचरल’. म्हणजे द्राक्षाच्या सालीवर जे खमीर आपसूक असतं, त्यावरच रस आंबू द्यायचा. वरून काही घालायचं नाही, शेवटी गाळायचंही नाही.

हे सगळं मी दत्ताच्या आईला, आक्कांना, तासभर समजावून सांगितलं. शेळीला पाला घालता घालता त्यांनी ऐकून घेतलं.

“साकर न्हाय, औषद न्हाय, गाळायचं बी न्हाय,” त्या म्हणाल्या. “मग तुमी दोगं दिवसभर करता काय?”

*

सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात मी पहिल्यांदा बाटली घेऊन गेलो. ग्लास फिरवत जांभळाचा वास, काळ्या मातीचा गंध वगैरे पाठ केलेलं सगळं बोललो. मॅनेजरने बाटली उजेडात धरली. तळाशी गाळ होता. तो असायचाच, तीच तर आमची शान.

मॅनेजर हळूच म्हणाला, “बाटल्या धुवायला पाणी मिळत न्हाय का? आमच्याकडं बी पाच दिवसांनीच येतंय.”

*

बाटलीतलं खमीर जिवंत असतं, उन्हात ठेवू नका, असं लेबलवर मीच छापून घेतलं होतं. एप्रिलमध्ये पेटी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून दुपारभर गावात फिरलो, तोही मीच.

सिग्नलला दोन बुचं उडाली. पांढरा शर्ट लालभडक. दार उघडून बाहेर आलो तर लोकांनी मला उचलून रिक्षात घातलं. मी सांगतोय, वाईन आहे. ते एकमेकांना सांगतायत, डोक्याला मार बसलाय, बरळतोय. दवाखान्यात नर्सने शर्टाचा वास घेतला आणि सरळ माझ्या बायकोला फोन लावला.

डोक्याला मार बसायची वेळ खरी तेव्हा आली.

*

मागच्या हंगामात ट्रान्सफॉर्मर जळाला. टाक्या गार ठेवणारं मशीन बंद. रस आंबताना स्वतःच तापतो, त्यात आमचं ऊन. वर्षाचं सगळं पीक त्या दोन टाक्यांत होतं. दत्ता पायरीवर बसला तो उठेचना.

मी जुन्या कारखान्यातून टेम्पोभर नापास चादरी आणल्या. आक्कांनी वस्तीवरच्या बायका गोळा केल्या. चादरी भिजवायच्या, टाकीला गुंडाळायच्या, वाळल्या की पुन्हा भिजवायच्या. मी खुर्चीवर बसून सेलवर चालणारा थर्मामीटर वाचत होतो. त्याची लांब वायर टाकीत सोडलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकदम उतरला. मी सगळ्यांना थांबवलं, चहा सांगितला, दत्ताला मिठी मारली. विज्ञानावर दोन शब्दही बोललो.

आक्कांनी टाकीला तळवा लावला. “अजून तापलंय,” म्हणाल्या.

मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी बघितलाही नाही. बायकांना घेऊन पुन्हा चादरी भिजवायला लागल्या. दत्ता वायर धरून तिच्या टोकापर्यंत गेला. धुवायला टाकीतून काढलेली वायर मी पाण्याच्या माठातच विसरलो होतो.

वाईन वाचली. पुण्याहून एक जाणकार आला, त्याने चव घेतली आणि दोन्ही टाक्यांची वाईन मागितली. मग वही काढून विचारलं, वीज नसताना एवढं अचूक तापमान कशावर मोजलंत?

मी घसा साफ केला. तेवढ्यात आक्कांनी चादरींच्या रंगाने निळा झालेला तळवा त्याच्यापुढे धरला.